कोकणच्या खाड्यांत लूरने जिताडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाडीवर गरवताना कुणी ना कुणी मागे येऊन उभं राहतं, लूर, म्हणजे गळ लावलेलं नकली आमिष, हातात घेऊन बघतं आणि विचारतं. गेल्या काही वर्षांत कर्ली, आचरा, विजयदुर्गपासून दाभोळ-बाणकोटपर्यंत तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र लिहिले आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यावं लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. व्हिडिओत परदेशी लोक तळ्यात 'बास' पकडतात. तो मासा आपल्याकडे मिळतो का?

नाही. तो लार्जमाऊथ बास, उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा मासा. आपल्या खाडीत ज्याला 'सी बास' म्हणतात तो जिताडा. रायगडात जिताडा, गोव्याकडे चोणक, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. शास्त्रीय नाव लेट्स कॅल्करिफर. दोघांचं कूळ वेगळं, पण सवय एकच. दोघेही आडोशाला दबा धरून बसतात आणि समोरून भक्ष्य गेलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतात. म्हणूनच बासच्या बऱ्याच लूर इथेही चालतात. तळ्याचं पाणी मात्र थांबलेलं असतं आणि खाडीचं दर सहा तासांनी फिरतं. तळ्यासाठी बनवलेले गळ आणि ते लूरला जोडणाऱ्या कड्या खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत, ते प्रश्न १२ मध्ये.

याच लूरला तांबोशी, गोबरा, रावस, कोकरही लागतात. तेव्हा इथे जिताड्याबद्दल लिहिलेलं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

२. जिवंत कोळंबीवर मासा हमखास लागतो, मग लूर कशाला?

मासा कुठे आहे हे ठाऊक असेल तर जिवंत कोळंबीला तोड नाही. ठाऊक नसेल तर लूर, कारण तिने तासाभरात खाडीचा मोठा पट्टा चाळून होतो. शिवाय लूरचा गळ बहुतेक वेळा ओठात रुततो, पोटात जात नाही. मासा सोडायचा असेल तर हा फरक मोठा आहे.

३. पहिल्यांदाच घेतोय. दुकानदार वीस प्रकार दाखवतो. नेमक्या किती आणि कोणत्या घेऊ?

चार घ्या. प्रत्येक लूर पाण्याच्या वेगळ्या थरात चालणारी हवी, ही एकच अट.

पहिली, दहा-बारा सेंटिमीटरची तरंगणारी मिन्नो (छोट्या माशाच्या आकाराची लूर), लहान जिभेची (तोंडाखालच्या पट्टीची), म्हणजे ओढल्यावर हात-दोन हात खाली जाणारी. फक्त एकच घ्यायची असेल तर हीच. दुसरी, तशीच पण मोठ्या जिभेची, दोन-तीन मीटर खाली जाणारी. पुलाच्या खांबांजवळ आणि जेटीच्या कडेला हिचं काम. तिसरी, जिग हेडवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर, चढवलेला सॉफ्ट प्लास्टिकचा मासा, वल्ह्यासारख्या शेपटीचा, चार इंची. सोबत ७, १० आणि १४ ग्रॅमचे दोन-दोन जिग हेड ठेवा. चौथी पॉपर, म्हणजे ओढल्यावर पाण्यावर आवाज करणारी, किंवा पाण्यावर नागमोडी चालणारी काडी.

स्पिनरबेट, चमचा, बेडूक हे सगळं नंतर. एकाच खोलीवर चालणाऱ्या, वेगवेगळ्या रंगांच्या दहा लूर घेतलेले पुष्कळ लोक मी पाहिले. मासा तळाला बसलेला आणि दहाच्या दहा लूर त्याच्या डोक्यावरून गेलेल्या. आधी खोली, मग वेग, रंग सगळ्यात शेवटी. पुढची अर्धी उत्तरं याच एका वाक्यातून निघतात.

४. रॉड, रील, दोरी कशी हवी?

सात ते आठ फुटांचा, १० ते ४० ग्रॅम फेकणारा स्पिनिंग रॉड, ३००० किंवा ४००० आकाराचं रील, २० ते ३० पौंडांची ब्रेडेड दोरी. पुढे दोन हात लांबीचा, ४० पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे दोरी आणि लूर यांच्यामधला तुकडा. जिताड्याला कापणारे दात नसतात, पण त्याचं तोंड काचपेपरसारखं खरखरीत असतं आणि झुंजीत ते लीडरवर घासत राहतं. प्रत्येक माशानंतर लीडर बोटांतून फिरवून बघा. खरखर लागली की तेवढा तुकडा कापून नवी गाठ मारा. लूर बांधताना गाठ आवळून बसवू नका, छोटा फास ठेवा, म्हणजे लूर मोकळी हलते.

५. खोक्यावर '२ मीटर' लिहिलंय. लूर खरंच दोन मीटर जाते का?

बहुतेक वेळा नाही. लांब फेकलं तर लूरला खाली उतरायला अंतर मिळतं, जवळ फेकलं तर ती उतरेपर्यंत हातात येते. दोरी जाड असेल तर पाणी तिला धरून ठेवतं आणि लूर वर राहते. रॉडचं टोक वर धरलं की लूर उथळ जाते, पाण्याकडे वाकवलं की खोल. प्रवाहाविरुद्ध ओढताना आणखी वेगळं.

नवी लूर घेतलीत की ओळखीच्या उथळ जागी, जिथे पाणी किती आहे ते ओहोटीला पाहून ठेवलंय तिथे ओढून बघा. जीभ वाळूला लागली की हाताला ठकठक कळते. तो आकडा लक्षात ठेवा, खोक्यावरचा नको.

६. कोणता रंग सगळ्यात चांगला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्याचं वजन सगळ्यात कमी. स्वच्छ पाण्यात चांदीसारखी, पाठीला हिरवट-काळी, म्हणजे शेवट्यासारखी दिसणारी. चहासारख्या पाण्यात सोनेरी. गढुळात झगझगीत पोपटी-पिवळी किंवा सरळ काळी. पोपटीचं कारण असं की खाडीच्या मातकट पाण्यात हिरवा-पिवळा उजेडच जास्त आत पोचतो. काळीचं कारण, खालून पाहणाऱ्या माशाला उजळ आभाळावर तिची सावली स्पष्ट दिसते. यापुढे रंगावर पैसे घालवण्यापेक्षा ते जिग हेडवर घालवा.

७. भरतीला जायचं की ओहोटीला?

दोन्हीला मासा लागतो, पण जागा बदलते. भरतीला जिताडा पाण्याबरोबर कांदळवनात शिरतो, मुळांमध्ये, खाजणाच्या कडेने. तिथे लूर पोचवणं अवघड. ओहोटीला वनातलं पाणी छोट्या ओहोळांनी परत खाडीत येतं, त्याबरोबर कोळंबी, निवटी, शेवट्याची पिल्लं वाहत येतात. जिताडा त्या ओहोळाच्या तोंडाशी बसून राहतो. नवख्याने म्हणूनच ओहोटीचे शेवटचे दोन तास आणि भरती सुरू झाल्यावरचा पहिला तास धरावा.

वेळ काढायची जुनी रीत घरातल्या कॅलेंडरवर जमते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. पंचमी असेल तर पाच गुणिले तीन भागिले चार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. रोज सुमारे ५० मिनिटांनी वेळ पुढे सरकते. ही वेळ समुद्राच्या तोंडाशी. खाडीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, आत वरच्या टोकाला तासाभराहून जास्तसुद्धा.

दुसरं, उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जोरात धावतं, गाळ उठतो, हलकी लूर तळाला जातच नाही. अष्टमीच्या भांगाला पाणी स्वच्छ असतं, पण इतकं संथ की मासा आळसावतो. मला दशमी ते द्वादशी हे दिवस आवडतात: पाणी हलतंय, पण अजून गढूळ झालेलं नाही. मुंबई-रायगडाकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं, वेंगुर्ल्याकडे साधारण दोन मीटरच. रेवदंड्याच्या कुंडलिकेत शिकलेली वेळ आणि वजनं तेरेखोलच्या खाडीत जशीच्या तशी चालत नाहीत ती यामुळेच.

८. खाडी एवढी मोठी, नेमकं फेकायचं कुठे?

कर्लीत मी नवा असताना होडीवरचे एक आजोबा माझ्या फेकी बघत होते. मी खाडीच्या मधोमध, जितकं लांब जाईल तितकं फेकत होतो. शेवटी म्हणाले, "झिला, पाणी खंय वळता ता आधी बघ." त्यानंतर मी मधोमध फेकणं सोडलं.

धावतं पाणी आणि थांबलेलं पाणी जिथे भेटतात तिथे एक रेघ दिसते, कधी फेसाची, कधी नुसती सुरकुतीसारखी. जिताडा त्या रेघेच्या थांबलेल्या बाजूला असतो. ताकद न घालवता बसायचं आणि वाहत येणारं उचलायचं. ही रेघ पुलाच्या खांबामागे मिळते, जेटीच्या कोपऱ्यावर, खडकाच्या पाठीमागे, पडलेल्या झाडाशी, ओहोळाच्या तोंडाशी. खारभूमीच्या बांधाला उघाडी (पाणी सोडायचं दार) असेल तर ओहोटीला तिची झापं उघडून पाणी बाहेर पडायला लागतं, तेव्हा तिथे थांबाच.

फेक माशाच्या डोक्यावर नको. त्याच्या पलीकडे आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका, म्हणजे लूर वाहत्या भक्ष्यासारखी त्याच्या तोंडासमोरून येईल. मागून येणारं भक्ष्य खाडीत कुणी पाहिलेलं नसतं, माशानेही नाही.

डोल किंवा खुंटांवरची जाळी लावलेली असतील तिथून लांब राहा. तीन काट्यांचा गळ जाळ्यात अडकला की काढताना जाळं फाटतं आणि ते कुणाच्या तरी पोटावर येतं. चुकून अडकलाच तर दोरी तोडून पळू नका. मालकाला गाठा, सांगा, भरपाई द्या.

९. लूर किती वेगाने ओढायची?

तुम्हाला वाटतं त्याच्या निम्म्या वेगाने. आणि मध्ये थांबा.

मिन्नोला दोन छोटे झटके द्या, दोरी किंचित सैल सोडा, मनात तीन मोजा, पुन्हा झटके. दहापैकी सात-आठ वेळा जिताडा त्या थांबण्यातच तोंड लावतो. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये बुचाच्या लाकडातून पहिली लूर कोरली आणि चॉकलेटच्या चांदीने मढवली, तेव्हा त्यालाही हेच साधायचं होतं. शिकारी मासा थव्यातला लडखडणारा, जखमी मासा निवडतो हे त्याने तळ्यावर पाहिलं होतं. सरळ, एका चालीत ओढलेली लूर म्हणजे धडधाकट मासा. त्याच्या मागे धावायचं जिताड्याला काही कारण नाही.

सॉफ्ट प्लास्टिकला तळ लागू द्या, रॉड हातभर उचला, पुन्हा तळाला जाऊ द्या. खाली जाताना दोरीवर नजर ठेवा. ती मध्येच थांबली किंवा बाजूला सरकली तर लगेच ताण द्या.

अपवाद कोकर आणि सुरमईचा. त्यांना वेग लागतो. खडकावरून मेटल जिग (धातूची जड लूर) टाकत असाल तर हात दुखेपर्यंत गुंडाळा.

१०. पॉपरवर मासा उसळी मारतो, आवाज येतो, पण लागत नाही. काय चुकतं?

तुम्ही आवाजाला झटका देता. जिताडा चावत नाही, ओढून घेतो. त्याने तोंड उघडलं की 'फट्ट' आवाज होतो, पण त्या क्षणी लूर अजून आत गेलेली नसते. झटका दिलात की ती त्याच्या तोंडासमोरून निघून जाते. आवाज ऐका, हात स्थिर ठेवा, हाताला वजन लागलं की मग रॉड बाजूला ओढा. दोरी फार ताठ असेल तर लूर आत ओढलीच जात नाही, म्हणून किंचित सैल बरी. उसळी चुकली तर लूर तिथेच राहू द्या, चार-पाच सेकंदांनी हळूच हलवा. तोच मासा परत येतो.

११. लूर सारखी मुळांत अडकते. एका दिवसात तीन गेल्या.

पहिलं, अडकल्याबरोबर जोर लावू नका. दोरी सैल सोडा. तरंगणारी मिन्नो बऱ्याचदा आपणच मागे सरकून सुटते. नाही सुटली तर फेकलेल्या दिशेच्या उलट बाजूला जाऊन ओढा.

दुसरं, पुढच्या तिहेरी गळाचा पुढे येणारा काटा पक्कडीने कापून टाका. मुळांच्या रानात जिग हेडऐवजी ऑफसेट गळ वापरा, ज्याचं टोक प्लास्टिकच्या अंगात लपवता येतं. बासवाल्यांची ही युक्ती आपल्या कांदळवनात फार उपयोगी आहे. तुटलेली दोरी झाडावर सोडून येऊ नका, तिच्यात बगळे आणि खंड्या अडकतात.

१२. नव्या लूरचे गळ बदलायलाच हवेत का?

लूर गोड्या पाण्यासाठी बनवलेली असेल तर हो, पहिल्या फेकीच्या आधी. आचऱ्याला एकदा मी एका नव्याकोऱ्या, महागड्या लूरवर विश्वास ठेवला. मासा दोनदा पाण्याबाहेर आला, तिसऱ्यांदा डोकं हलवलं आणि दोरी सैल झाली. लूर परत आली, पोटाखालची कडी उघडून सरळ झालेली, गळ माशासोबत गेलेला. मासा गेल्यापेक्षा तो तोंडात लोखंड घेऊन गेला, हे मला अजून खातं.

खाऱ्या पाण्याचे, ३एक्स किंवा ४एक्स जाडीचे गळ आणि तशाच कड्या बसवा. बदलल्यावर लूर बादलीत टाकून बघा. जड गळांमुळे तरंगणारी लूर कधी कधी बुडायला लागते. तसं झालं तर तिहेरीऐवजी एकेरी गळ लावा. घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवून, वाळवून मगच डब्यात. एका गंजलेल्या गळाने डबाभर गंज पसरतो.

१३. सॉफ्ट प्लास्टिकची शेपटी कापल्यासारखी तुटून येते. कोणता मासा?

गोल, स्वच्छ तुकडा गेला असेल तर केंड. तो थव्याने येतो आणि एका तासात पाकीट संपवतो. जागा बदला किंवा प्लास्टिक सोडून मिन्नो लावा. केंड चुकून लागला तर सोडा, खाऊ नका. त्याच्या अंगातलं विष शिजवून जात नाही.

लीडरच कापला जात असेल तर समोर सुरमई आहे. तेव्हाच वितभर स्टीलची तार लावा. एरवी तार लावून जिताड्याला गरवू नका, तारेने लूरची हालचाल मरते.

१४. पावसात पाणी लाल झालं की लूर घरी ठेवायची का?

पूर आलेला असेल तर हो, आणि तुम्हीही घरीच राहा. पण पहिल्या पावसानंतर आणि श्रावणातल्या उघडिपीत खाडी सोडू नका. गोडं पाणी हलकं, ते वरून वाहतं. खारं जड, ते खाली राहतं. वर लाल पाणी दिसत असलं तरी तळाला पाणी निराळं असू शकतं. अशा वेळी तळाशी थरथरणारी, आत गोळ्या वाजणारी लूर किंवा जड जिग हेड चालतं. डोळ्यांना कमी दिसतं तेव्हा मासा अंगावरच्या रेषेने पाण्याची थरथर ओळखतो. रंगासाठी प्रश्न ६ मधलं पोपटी आणि काळं आठवा.

१५. माझी 'सस्पेंडिंग' लूर पाण्यात थांबायला हवी, पण ती वर येते. खराब आहे का?

नाही. ती गोड्या पाण्यात तोलून बनवलेली आहे. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं, म्हणून तीच लूर खाडीच्या तोंडाशी हळूहळू वर येते आणि पावसात खाडी गोडी झाली की बरोबर थांबते. गळ एक नंबर जाड लावलात किंवा पोटाला शिशाची छोटी पट्टी चिकटवलीत तर उन्हाळ्यातही थांबेल. हळू वर येणारी लूरही वाईट नाही. मुळांजवळ तीच जास्त सोयीची.

१६. रात्री लूर चालते का?

चालते. जिताड्याचे डोळे अंधारात चमकतात, त्याला कमी उजेडात चांगलं दिसतं. पुलावर किंवा जेटीवर दिवा असेल तर उजेडात फेकू नका. उजेड-सावलीच्या सीमेवर, सावलीच्या बाजूला टाका.

१७. तळ्यात किंवा नदीत जिताडा मिळतो का?

पिल्लं वाढायला खाडीतून वर गोड्या पाण्यात जातात आणि मोठे मासे अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी येतात. म्हणून बंधाऱ्याच्या खालच्या डोहात मिळतो, वरच्या बाजूला बंधारा आड येतो. अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या तळ्यांत दिसणारे जिताडे शेतकऱ्यांनी वाढवलेले असतात. विचारल्याशिवाय तिथे दोरी टाकणं म्हणजे चोरी.

१८. दहा किलोचा लागला तर घरी न्यायचा की सोडायचा?

सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा मासा जवळपास नेहमीच मादी, लाखो अंडी घालणारी. घरच्या कालवणाला दीड-दोन किलोचा पुरतो, आणि चवीलाही तोच बरा.

सोडताना हात ओले करा, मासा तापलेल्या जेटीवर ठेवू नका, नुसत्या जबड्याने उभा लटकवू नका. दुसरा हात पोटाखाली. तोंड प्रवाहाकडे धरून थांबा, तो स्वतः शेपटी मारून जाईल. गळांचे उलटे काटे आधीच पक्कडीने दाबलेले असतील तर हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. कल्ल्यांच्या झाकणाला धार असते, तिथे बोट घालू नका.

१९. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात गरवता येतं का?

१ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक नौकांना आहे, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ती लागू नसते. म्हणून त्या दोन महिन्यांत यंत्राची होडी ठरवून गरवायला जाऊ नका. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास गरवण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या. फेकायला जागा हवी म्हणून कांदळवनाची फांदीही तोडू नका, तो गुन्हा आहे.

२०. पाण्यात उतरून फेकलं तर चालेल का?

महाडजवळ सावित्रीत आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीत मगरी आहेत. तिथे काठापासूनही मागे उभे राहा, अडकलेली लूर सोडवायला पाण्यात जाऊ नका. इतर ठिकाणी पायांत जाड तळाचे बूट हवेत, कालवांची कड तळवा चिरते. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट आधीच सरकतं. शिंगाळा लागला तर हाताने धरू नका, त्याच्या काट्यांत विष असतं.

२१. मासा समोर उसळतोय, दिसतोय, पण चारही लूरला तोंड लावत नाही.

खाली वाकून काठाचं पाणी बघा. बहुतेक वेळा त्यात जवळा किंवा नखाएवढी कोळंबी असते आणि मासा फक्त तीच खात असतो. तुमची बारा सेंटिमीटरची मिन्नो त्याला त्या वेळी अन्न वाटतच नाही. दोन इंची, पारदर्शक प्लास्टिकची कोळंबी, तीन-चार ग्रॅमचं जिग हेड, २० पौंडांचा बारीक लीडर लावा. वरच्या अंगाला फेका आणि ओढू नका. पाण्याबरोबर वाहू द्या, फक्त सैल झालेली दोरी गुंडाळत राहा. तोंड लावल्याचं हाताला कळणार नाही. दोरी वाहायची थांबली की मासा आहे.